एकाच फर्मचं टॅली चार कॉम्प्युटरवर आणि प्रत्येकावर वेगळं व्हर्जन: नवीन अकाउंटंटनी काय करायचं, स्टेप बाय स्टेप

मस्जिद बंदर, काळबादेवी, भुलेश्वर या भागात अकाउंट्सचं काम धरलं की पहिल्या आठवड्यातच हे चित्र दिसतं. पेढीवरच्या कॉम्प्युटरला टॅली ईआरपी ९ (टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी पिढी), भिवंडीच्या गोडाऊनला टॅलीप्राइमचं (त्यानंतरची पिढी) कुठलं तरी जुनं रिलीज, सीएच्या ऑफिसात एकदम लेटेस्ट, आणि शेठच्या घरच्या लॅपटॉपवर कोणीतरी कधीतरी टाकून दिलेलं, ज्याचं व्हर्जन कोणालाच माहीत नाही. आणि या चौघांमध्ये डेटा फिरतो तो पेनड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. कॉलेजात किंवा क्लासमध्ये टॅली शिकवतात तेव्हा एकच मशीन असतं, एकच कंपनी असते, त्यामुळे हा भाग कोणी सांगतच नाही, आणि मग नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागते आणि तिसऱ्या दिवशी फोन करते की ताई कंपनी उघडतच नाहीये.

मी गेली बरीच वर्षं पार्ट टाइम अकाउंट्स करते, म्हणजे आज या पेढीवर उद्या त्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कॉम्बिनेशन हाताखालून गेलंय. खालचं सगळं टॅलीबद्दल आहे कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेच असतं, पण बिझी किंवा मार्ग ही दुसरी हिशेबाची सॉफ्टवेअर वापरत असाल तरी विचार करायची पद्धत तीच राहते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डेटा जुन्या व्हर्जनमधून नव्यात जातो, नव्यातून जुन्यात परत येत नाही. पुढची प्रत्येक स्टेप याच्यावरच उभी आहे.

सुरुवातीला हे जवळ ठेवा

- टॅलीचा सिरियल नंबर आणि लायसन्स ज्या ईमेलवर रजिस्टर आहे तो ईमेल, आणि त्या ईमेलचा पासवर्ड कोणाकडे आहे त्या माणसाचा नंबर
- टीएसएस म्हणजे टॅलीचं वार्षिक सबस्क्रिप्शन कधीपर्यंत आहे ती तारीख
- प्रत्येक कंपनीचे युजर नेम, पासवर्ड, आणि टॅलीव्हॉल्ट म्हणजे कंपनीचा डेटा पासवर्डने कुलूपबंद करायची सोय लावली असेल तर त्याचा पासवर्ड (हा हरवला तर कंपनी उघडत नाही, टॅलीवालेही उघडून देऊ शकत नाहीत)
- एक रिकामा पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल हार्डडिस्क, फक्त याच कामासाठी, ज्यात कोणाचे लग्नाचे फोटो नाहीत
- बिल फॉरमॅट वगैरे बनवून घेतलं असेल तर त्या टीडीएल किंवा टीसीपी फाइल्स (टॅलीत असे बदल करून देणाऱ्या) आणि बनवणाऱ्याचा नंबर
- मागच्या भरलेल्या जीएसटी रिटर्नच्या, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी च्या पीडीएफ
- एक वही. हो, कागदाची वही. एक्सेल शीट त्याच कॉम्प्युटरवर असते जो उद्या बंद पडणार असतो.

१. कुठल्या मशीनवर काय आहे ते आधी लिहून काढा

काहीही इन्स्टॉल करायच्या आधी, काहीही कॉपी करायच्या आधी, सगळ्या मशीनची यादी करा. टॅलीप्राइममध्ये एफ१ दाबून अबाउट मध्ये गेलात की रिलीज नंबर, सिरियल नंबर, लायसन्सचा प्रकार आणि टीएसएसची तारीख हे सगळं एका जागी दिसतं. ईआरपी ९ मध्ये स्क्रीनच्या खालच्या पट्टीत व्हर्जन आणि लायसन्सची माहिती असते. गोडाऊनला किंवा सीएकडे स्वतः जायची गरज नाही, तिथल्या माणसाला त्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवायला सांगा, पण फोटोच मागवा, कारण तोंडी विचारलं की "लेटेस्ट आहे" एवढंच उत्तर मिळतं.

वहीत प्रत्येक मशीनसाठी लिहा: जागा, रिलीज, लायसन्स, विंडोज ३२ बिट की ६४ बिट, डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि कोण एन्ट्री करतं.

विंडोजचं बिट मुद्दाम लिहायला सांगतेय. टॅलीप्राइम फक्त ६४ बिट विंडोजवर चालतं. ईआरपी ९ हे ३२ बिटवरही चालायचं. त्यामुळे गोडाऊनला जो जुना डबा पडलाय त्याच्यावर ३२ बिट विंडोज असेल तर तिथे प्राइम बसणारच नाही, आणि हे अपग्रेडच्या दिवशी भिवंडीला पोचल्यावर कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात कळलेलं बरं. धिस पीसी वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे सिस्टम टाइप मध्ये लिहिलेलं असतं.

व्हर्जनचा इतिहास थोडा माहीत असू द्या म्हणजे यादी वाचता येईल. ईआरपी ९ आलं २००९ मध्ये, जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला तेव्हा त्याचं रिलीज ६ आलं. टॅलीप्राइम आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. प्राइमच्या १ आणि २ नंबरच्या रिलीजमध्ये ईआरपी ९ रिलीज ६ चा डेटा सरळ उघडायचा, वेगळं मायग्रेशन लागत नव्हतं, त्यामुळे लोकांचा समज झाला की टॅलीत डेटा कुठेही उघडतो. पण २०२३ मध्ये ३.० आलं, त्यात डेटाची रचनाच बदलली, तिथून पुढे जुनी कंपनी उघडायची तर मायग्रेट म्हणजे नव्या रचनेत बदलून घ्यावी लागते आणि मायग्रेट झालेली कंपनी खालच्या रिलीजला ओळखता येत नाही. तुमच्या यादीत ३.० च्या अलीकडचं कोण आणि पलीकडचं कोण अशी एक लाल रेघ ओढा. भांडणं या रेघेवरच होतात.

२. लायसन्स काय आहे ते समजून घ्या

सिल्व्हर म्हणजे एक कॉम्प्युटर. गोल्ड म्हणजे एकाच ऑफिसच्या नेटवर्कवर कितीही कॉम्प्युटर. यात "पण शेठ म्हणाले की चालतं" असं काही नसतं. सिल्व्हर एका मशीनवर अ‍ॅक्टिव्ह असेल आणि दुसऱ्यावर हवं असेल तर आधी पहिल्यावरून सरेंडर करायचं, एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, तिथे सरेंडरचा ऑप्शन आहे, मग दुसऱ्यावर अ‍ॅक्टिव्हेट. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला द्यायच्या आधी सुद्धा हे सरेंडर करायचंच. लॅमिंग्टन रोडवर मशीन रिपेअरला दिलं, त्याने हार्डडिस्क बदलून दिली आणि लायसन्स जुन्या डिस्कबरोबर गेलं, असं होतं आणि मग टॅलीच्या सपोर्टला फोन करून मेल करून ते सोडवून घ्यावं लागतं, नेमकं ते जीएसटीआर-१ भरायच्या ११ तारखेच्या आदल्या दिवशी.

टीएसएस संपलं म्हणजे टॅली बंद पडत नाही, हे लक्षात ठेवा, कारण काही जण घाबरवतात. असलेलं रिलीज चालू राहतं. पण संपल्यानंतर आलेलं नवीन रिलीज तुमच्या लायसन्सवर चालणार नाही, रिमोट अ‍ॅक्सेसही मिळणार नाही. म्हणजे सीएने लेटेस्ट टाकलंय आणि तुमचं टीएसएस दोन वर्षांपूर्वी संपलंय, तर तुम्ही नुसतं डाउनलोड करून त्याच्या बरोबरीला येऊ शकत नाही, रिन्यूअलचे पैसे भरावे लागतील. हे मालकाला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा, शेवटी नाही.

आणि एक ट्रॅप. लायसन्स न सापडल्यावर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच एन्ट्री होतात. नवीन माणसाला हे माहीत नसतं, तो समजतो की तारखेचा काहीतरी प्रॉब्लेम आहे आणि सगळी बिलं १ किंवा २ तारखेला टाकून मोकळा होतो. स्क्रीनवर एज्युकेशनल असं दिसलं की हात कीबोर्डवरून काढा आणि आधी लायसन्स बघा.

३. मूळ डेटा कुठला ते ठरवा आणि सगळ्यांना सांगा

ही स्टेप सॉफ्टवेअरची नाही, माणसांची आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. चार मशीनवर एकाच कंपनीच्या चार कॉपी असतात. पेढीवर ऑगस्टपर्यंत बँक एन्ट्री झालेली, गोडाऊनला सप्टेंबरची डिलिव्हरी चलनं, सीएने स्वतःच्या कॉपीत डेप्रिसिएशन आणि मागच्या वर्षाच्या अ‍ॅडजस्टमेंट टाकलेल्या, आणि यातली कुठलीच कॉपी पूर्ण नाही. अशा वेळी कुठलं सॉफ्टवेअर कितीही नवीन टाकलं तरी उपयोग नाही.

बसून ठरवा की मूळ कॉपी एक, ती अमुक मशीनवर, अमुक फोल्डरमध्ये. बाकीच्या सगळ्या बघायच्या किंवा देवाणघेवाणीच्या. मूळ मशीन शक्यतो ते निवडा जिथे सर्वात जास्त एन्ट्री होतात आणि जिथे रोज माणूस असतो, म्हणजे बहुतेक वेळा पेढी. तळमजल्यावरची पेढी असेल तर सीपीयू जमिनीवर ठेवू नका, जुलैत पाणी आलं की आधी तोच भिजतो.

आता फोल्डरचा ट्रॅप, हा नीट वाचा. टॅली प्रत्येक कंपनीला नंबर असलेलं फोल्डर देतं, १००००, १०००१ असं. आता प्रत्येक कॉम्प्युटरवर पहिली बनवलेली कंपनी तोच नंबर घेते. म्हणजे तुम्ही पार्ट टाइम तीन पार्ट्यांचं काम करताय, तिघांचंही फोल्डर १०००० नंबरचं, आणि तुम्ही घरी येऊन दुसऱ्या पार्टीचं फोल्डर पहिल्याच डेटा फोल्डरमध्ये पेस्ट केलं, विंडोजने रिप्लेस करू का विचारलं, तुम्ही यस केलं, संपलं, पहिल्या पार्टीचा डेटा त्या जागेवरून गेला. बॅकअप रिस्टोअर करतानाही हीच काळजी, त्याच ठिकाणी असलेली कंपनी नवीनने झाकली जाते. म्हणून प्रत्येक पार्टीसाठी वेगळं फोल्डर करा, पार्टीच्या नावाचं, आणि टॅलीप्राइममध्ये ऑल्ट एफ३ ने कंपनी सिलेक्ट करताना स्पेसिफाय पाथ किंवा सिलेक्ट फ्रॉम ड्राइव्ह ने त्या फोल्डरवर जा.

गूगल ड्राइव्ह किंवा तत्सम सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटा ठेवून दोन्हीकडून एन्ट्री करायची आयडिया पुष्कळांना सुचते. करू नका. टॅली एन्ट्री करताना एकावेळी अनेक फाइल्समध्ये लिहितं, सिंक करणाऱ्याला ते कळत नाही, तो अर्ध्या फाइल्स नवीन अर्ध्या जुन्या अशा उचलतो आणि डेटा करप्ट होतो. बॅकअप तिथे ठेवा, जरूर ठेवा, पण चालू डेटा नाही.

४. बॅकअप, आणि बॅकअप उघडून बघणं

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट वाय, बॅकअप. ईआरपी ९ मध्ये गेटवेवरून ऑल्ट एफ३, बॅकअप. ईआरपी ९ ची बॅकअप फाइल दर वेळी टीबीके९००.००१ याच नावाची बनते, त्यामुळे रोज त्याच फोल्डरमध्ये घेतलात तर कालची पुसली जाते आणि तुमच्याकडे कायम एकच बॅकअप राहतो. चूक कालच झालेली असेल तर त्या बॅकअपमध्येही ती चूकच आहे. तारखेचं फोल्डर करा, त्यात घ्या.

याशिवाय टॅली पूर्ण बंद करून, सगळ्या मशीनवरचं बंद करून, कंपनीचं आख्खं नंबरवालं फोल्डर कॉपी करून ठेवा. मी दोन्ही करते. आणि मग तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर, त्याच रिलीजमध्ये, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून बघते. उघडून न बघितलेला बॅकअप धरायचा नाही.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बॅकअप ही फक्त सवयीची गोष्ट नाही, कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांप्रमाणे बॅकअप रोजचा आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर लागतो. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंदही लागते. टॅलीप्राइमचं एडिट लॉग असं वेगळं प्रॉडक्ट आहे ज्यात ही नोंद बंदच करता येत नाही. साध्या प्राइममध्ये ती चालू बंद होते. पार्टनरशिप किंवा प्रोप्रायटरी फर्मला हे लागू नाही, पण ग्रुपमध्ये एक जरी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कुठल्या मशीनवर काय टाकायचं हे सीएला विचारूनच ठरवा.

५. सगळ्यांना एका रिलीजवर आणा

शक्य असेल तर हाच खरा उपाय आहे. लेटेस्टच हवं असं नाही, सगळ्यांकडे एकच हवं. कुठलं निवडायचं? सगळ्यात जुनं टीएसएस ज्याचं आहे त्याला चालणारं, किंवा रिन्यू करून सीएकडे आहे ते. सीए वरच्या रिलीजवर असेल तर तो खाली येणार नाही कारण त्याच्याकडे बाकीचे पन्नास क्लायंट आहेत, तेव्हा आपणच वर जायचं हे मान्य करा.

दिवस निवडा. टीडीएस भरायची ७ तारीख, मंथली वाल्यांची जीएसटीआर-१ ची ११, ३बी ची २०. म्हणजे २१ नंतरचे काही दिवस मोकळे मिळतात, त्यातला शनिवार संध्याकाळ घ्या. मार्च आणि सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये हे काम काढू नका.

अपग्रेडच्या आधी जुन्या व्हर्जनमधून हे प्रिंट किंवा पीडीएफ काढा: ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी, देणेकरी आणि घेणेकरी आउटस्टँडिंग, बँक रिकन्सिलिएशन, आणि चालू वर्षाच्या प्रत्येक महिन्याचं जीएसटीआर-१ आणि ३बी. याच्याशीच नंतर ताळा करायचाय.

मग नवीन रिलीज इन्स्टॉल करताना जुन्यावर अपग्रेड करू नका, सेटअपमध्ये इन्स्टॉल न्यू चा ऑप्शन असतो तो घ्या आणि वेगळं फोल्डर द्या. दोन व्हर्जन एका मशीनवर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने राहतात, प्रत्येकाची स्वतःची टॅली डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल असते. फक्त डेस्कटॉपवरच्या आयकॉनची नावं बदला, "टॅली जुनं फक्त बघायला" आणि "टॅली चालू" असं सरळ लिहा, नाहीतर सोमवारी सकाळी कोणीतरी सवयीने जुन्यात दहा बिलं करून ठेवेल.

डेटाची कॉपी नव्या फोल्डरमध्ये टाका आणि नव्या रिलीजमध्ये ती कॉपी उघडा, मूळ नाही. ३.० च्या पुढचं रिलीज असेल तर ते मायग्रेट करायचं का विचारेल, हो म्हणा, आणि मोठा डेटा असेल तर वेळ लागतो, मध्येच बंद करू नका, यूपीएस आहे का ते आधी बघा.

झाल्यावर ताळा. ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला पाहिजे. स्टॉकची क्वांटिटी आणि व्हॅल्यू दोन्ही जुळले पाहिजेत. जीएसटीच्या रिपोर्टमध्ये मात्र नवीन लोकांना धक्का बसतो, कारण नवीन रिलीज प्रत्येक व्हाउचर नव्याने तपासतं आणि ज्यात एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) नाही, राज्य नाही, पार्टीचा जीएसटी नंबर चुकीचा, अशी सगळी अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स म्हणून बाजूला काढतं. मागच्या सगळ्या महिन्यांत शेकडो दिसतात. घाबरू नका आणि घाईत दुरुस्तही करू नका. ज्या महिन्याचं रिटर्न भरून झालंय तिथे व्हाउचर बदलून आकडे हलवायचे नाहीत, पोर्टलवर गेलेले आकडे आणि तुमच्या टॅलीतले आकडे यात फरक पडेल. भरलेल्या पीडीएफशी जुळवून बघा, जे बरोबर भरलंय ते अ‍ॅक्सेप्ट अ‍ॅज इज करून सोडा, आणि जे खरंच चुकलंय ते सीएला विचारून चालू महिन्यात दुरुस्त करा.

बिलाचा फॉरमॅट वगैरे टीडीएल वर असेल तर एक टेस्ट बिल छापून बघा. ईआरपी ९ साठी बनवलेला टीसीपी प्राइममध्ये चालेलच असं नाही, बरेचदा बनवणाऱ्याकडून नवीन घ्यावा लागतो. सोमवारी माल निघायच्या वेळेला टेम्पो खाली उभा आहे आणि बिलावर वाहन नंबरच छापला जात नाही, हे नको.

६. एका रिलीजवर येणं जमत नसेल तर

टीएसएसचे पैसे नाहीत, गोडाऊनचा कॉम्प्युटर बदलायचा नाही, मालक ऐकत नाहीत. होतं असं. मग डेटा फोल्डर फिरवणं बंद करा आणि फक्त एन्ट्री फिरवा, एक्सएमएल मध्ये, म्हणजे टॅलीला वाचता येणाऱ्या एका साध्या फाइलमध्ये. गोडाऊनवाला त्याच्या व्हर्जनमधून आठवड्याचं डे बुक एक्सएमएल फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करतो, पेढीवर तुम्ही इम्पोर्ट करता. प्राइममध्ये ऑल्ट ई एक्सपोर्ट, ऑल्ट ओ इम्पोर्ट. या पद्धतीत व्हर्जनचा फरक बऱ्यापैकी सांभाळला जातो, तरी पहिल्यांदा टेस्ट कंपनीवरच करून बघा.

ऑर्डर कायम हीच: आधी मास्टर (लेजर, आयटम वगैरे), मग व्हाउचर (प्रत्यक्ष एन्ट्री). व्हाउचर आधी टाकले की लेजर सापडत नाही म्हणून एरर येतात. मास्टर इम्पोर्ट करताना टॅली विचारतं की आधीपासून असलेल्याचं काय करू. कंबाइन ओपनिंग बॅलन्सेस, इग्नोर डुप्लिकेट्स, मॉडिफाय विथ न्यू डेटा. रोजच्या कामाला इग्नोर डुप्लिकेट्स. कंबाइन केलंत तर ओपनिंग बॅलन्स दोनदा बेरीज होतो आणि मग तुम्ही तो फरक आठवडाभर शोधत बसता.

लेजर आणि आयटमची नावं दोन्हीकडे अक्षरशः सारखी हवीत. "महालक्ष्मी स्टील" आणि "महालक्ष्मी स्टील्स" हे टॅलीला दोन पार्ट्या आहेत. म्हणून नवीन लेजर, नवीन आयटम बनवायचा अधिकार फक्त मूळ मशीनवरच्या माणसाला द्या, गोडाऊनवाल्याने फोन करून बनवून घ्यायचा आणि मास्टरची फाइल परत मागवायची. रेटचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे रेट बदलले तेव्हा बऱ्याच वस्तू १२ वरून ५ वर आणि २८ वरून १८ वर आल्या, आणि एका पेढीत ऑफिसच्या कॉपीत बदल झाला पण गोडाऊनच्या कॉपीत जुनाच रेट राहिला, त्यामुळे एकाच मालाची एकाच दिवशी दोन रेटने बिलं निघाली. क्रेडिट नोटा काढत बसावं लागलं, कस्टमरची नाराजी वेगळीच.

बिल नंबरचं आधीच ठरवा. दोन जागी बिलं बनत असतील तर दोन सिरीज ठेवा, पेढीची वेगळी, गोडाऊनची वेगळी, वेगळा व्हाउचर टाइप आणि वेगळा प्रिफिक्स. जीएसटीच्या नियमात एकापेक्षा जास्त सिरीज चालतात, फक्त नंबर सलग हवा, त्या आर्थिक वर्षात परत यायला नको आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. आणि व्हाउचर टाइपमध्ये नंबरिंग ऑटोमॅटिक असेल तर इम्पोर्टनंतर नंबर सरकू शकतात, म्हणजे गोडाऊनने ४५ नंबरचं बिल दिलेलं असतं आणि तुमच्याकडे ते ४३ होऊन बसतं. ज्या टाइपमध्ये इम्पोर्ट करणार तिथे नंबरिंग मॅन्युअल ठेवा. इम्पोर्ट झालं की पहिला नंबर, शेवटचा नंबर, एकूण बिलं आणि एकूण रक्कम गोडाऊनवाल्याशी फोनवर वाचून जुळवा. मिनिटभराचं काम आहे.

७. एकाच ऑफिसातले तीन-चार कॉम्प्युटर

इथे गोल्ड लायसन्स असेल तर गोष्ट सोपी. एक मशीन सर्व्हर, त्यावर लायसन्स आणि डेटा, बाकीचे त्याला जोडलेले. क्लायंट मशीनवर लायसन्स सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव किंवा आयपी अ‍ॅड्रेस आणि पोर्ट ९९९९ द्यायचा. लायसन्स मिळत नसेल तर दहापैकी आठ वेळा सर्व्हरच्या विंडोज फायरवॉलने किंवा अँटिव्हायरसने तो अडवलेला असतो. डेटा फोल्डर नेटवर्कवर शेअर करताना वाचायची आणि लिहायची दोन्ही परवानगी द्या. वायफायवर चालवू नका, केबल टाका, वायफाय मध्येच तुटलं की एन्ट्री अर्धवट राहून डेटा बिघडायची शक्यता असते.

आणि अपग्रेड करताना सर्व्हर आणि सगळे क्लायंट एकाच दिवशी करा. एक क्लायंट वरच्या रिलीजवर गेला आणि त्याने शेअर केलेली कंपनी मायग्रेट केली की बाकीचे सगळे बाहेर.

८. सीएला डेटा देणं आणि परत घेणं

सीएला बॅकअप पाठवलात, त्याने त्याच्या वरच्या रिलीजमध्ये उघडला, अ‍ॅडजस्टमेंट केल्या आणि तुम्हाला परत पाठवला, तर तो तुमच्याकडे बहुतेक वेळा उघडणार नाही. इथे चूक कोणाचीच नाही, पण वेळ जातो. त्यामुळे परत डेटा मागूच नका. सीएच्या आर्टिकलला (सीए व्हायला शिकणाऱ्या मुलाला) सांगा की जर्नल एन्ट्रीची यादी एक्सेलमध्ये किंवा एक्सएमएलमध्ये द्या, त्या तुम्ही मूळ कॉपीत टाका, आणि मग दोन्हीकडचा ३१ मार्चचा ट्रायल बॅलन्स शेजारी शेजारी ठेवून जुळवा. शिवाय सीएकडे डेटा गेल्यावर त्या वर्षात तुम्ही काही बदललं तर त्याला कळवायचं, हा शब्द पाळायचाच.

९. बोटांची सवय

दोन व्हर्जनवर आलटून पालटून काम करताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एफ४ ते एफ९, म्हणजे कॉन्ट्रा, पेमेंट, रिसीट, जर्नल, सेल्स, परचेस, हे तसेच आहेत. पण क्रेडिट नोट ईआरपी ९ मध्ये कंट्रोल एफ८ होती, प्राइममध्ये ऑल्ट एफ६. डेबिट नोट कंट्रोल एफ९ होती, आता ऑल्ट एफ५. ईआरपी ९ मध्ये एफ१ ने कंपनी सिलेक्ट व्हायची, प्राइममध्ये एफ१ म्हणजे हेल्प आणि कंपनी सिलेक्ट करायला ऑल्ट एफ३. प्राइममध्ये काहीच सापडलं नाही तर ऑल्ट जी दाबा आणि हवं ते नाव टाइप करा. एक चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवा.

१०. जुनं व्हर्जन पुसू नका

मायग्रेशनच्या आधीचा डेटा आणि तो उघडणारं व्हर्जन, दोन्ही जपून ठेवा. जीएसटी कायद्यात वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळायचे असतात, कंपन्यांना ८ वर्षं. एखाद्या जुन्या वर्षाची नोटीस आली की त्या वेळी जे आकडे दिसत होते तेच दाखवावे लागतात. सेटअपची फाइल, टीडीएल आणि बॅकअप एकाच फोल्डरमध्ये ठेवा, त्यात एक साधी टेक्स्ट फाइल टाका की हा डेटा कुठल्या रिलीजचा, कुठल्या तारखेचा, पासवर्ड कोणाकडे.

शेवटचं एक, काम सोडून जाणाऱ्यांसाठी आणि नवीन येणाऱ्यांसाठीही. खूप ठिकाणी टॅलीचं लायसन्स आधीच्या अकाउंटंटच्या पर्सनल ईमेलवर असतं. तो माणूस गेला, नंबर बदलला, की लायसन्स सरेंडर करता येत नाही, अ‍ॅक्टिव्हेट करता येत नाही, नवीन मशीन घेऊन सगळे बसलेले असतात. कामाला लागल्याच्या पहिल्या महिन्यातच फर्मच्या नावाचा ईमेल बनवा, पासवर्ड मालकाच्या हातात द्या, टॅलीच्या पार्टनरला म्हणजे डीलरला सांगून लायसन्स त्या ईमेलवर करून घ्या. आणि वहीचं पहिलं पान मालकाला दाखवून त्यावर त्यांची सही घ्या.